टिटवीच्या राखणीतले बांगडे

"हात लावू नको. डोळ्यांनी बघ."

हे वाक्य ऐकू यायच्या आधी तिची चापट हातावर बसलेली असायची. सुका बांगडा बोटानं दाबून बघणाऱ्या, नाकाशी नेऊन हुंगणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी चापट, मग वाक्य. लग्न होऊन मी कणकवलीहून मालवणजवळच्या या खाडीकाठी आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला ती मिळाली. हातात हिरवा चुडा होता. तिनं चुड्याखालची मोकळी जागा बघून मारली.

"गो कणकवलीकरणी," ती म्हणाली, "ह्या काय कापडाचा दुकान वाटला तुका? घेवचा आसा तर घी, नायतर चलाक लाग."

मी घेतले, कारण तिच्यासारखे बांगडे दुसरीकडे मिळत नसत. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. माल चांगला म्हणून त्याच्याकडे जावं लागतं, आणि परत येताना दर वेळी आपण ठरवतो की ही शेवटची खेप. माझ्या अशा शेवटच्या खेपा पंचवीस वर्षं चालल्या. पुढे मी घरात चार खोल्यांचं न्याहारी निवास सुरू केलं आणि पाहुण्यांच्या ताटातलं सुकं तिच्याकडूनच येऊ लागलं. मी तिला काकी म्हणायची. वाडी तिला म्हातारी म्हणायची. ती स्वतः स्वतःला काही म्हणत नसे, तिला तेवढा वेळ नव्हता.

आमच्या कुंपणापासून खाडीच्या पाण्यापर्यंत वाळूचा एक उंचवटा होता. मोठ्या भरतीलाही पाणी तिथवर चढत नसे. त्यावर ती जुनी जाळी अंथरायची आणि जाळ्यांवर मासळी सुकत टाकायची. बाजूला झावळांची खोप, खोपीत मिठाची पोती आणि मासळी खारवायचं एक मोठं पिंप. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून त्याआधी आगोटीच्या खरेदीला आतल्या गावांतल्या बायका तिच्याकडे यायच्या. तिची वर्षाची बेगमी त्या उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांत सुकायची. बाकीचे महिने ती नुसती चिडलेली असे. त्या आठवड्यांत ती चिडलेली आणि घाईत असे.

तिचा जन्म पक्ष्यांना शिव्या देण्यात गेला. नवरा होता तोवर त्या शिव्या निम्म्या त्याच्या वाट्याला जायच्या, तो गेल्यावर सगळ्या पक्ष्यांना मिळू लागल्या. कावळ्यांना ती काठी दाखवायची, बगळ्यांवर शिंपल्या भिरकवायची. घारीला तिनं 'भाटकारीण', म्हणजे जमीनदारीण, असं नाव ठेवलं होतं, कारण ती वरून येते, विचारत नाही आणि चांगलं तेवढं उचलून नेते. सकाळी माझे पाहुणे खाडीकडे तोंड करून चहा प्यायला बसले की पहिला आवाज लाटांचा नाही, तिचा यायचा. "शिरा पडो तुझ्या तोंडार." पाहुणे विचारायचे, काय म्हणतायत आजी? मी सांगायची, देवाचं नाव घेतायत.

अशा बाईच्या वाळूत, ऐन उन्हाळ्यात, टिटवीनं अंडी घातली.

टिटवी घरटं बांधत नाही. खड्यांमध्ये एक खळगी करते आणि त्यात मातकट, ठिपक्यांची अंडी ठेवते. पायाशी असली तरी दिसत नाहीत. काकीलाही दिसली नाहीत. ती उंचवट्याच्या मधोमध, जिथं ऊन आणि वारा सगळ्यांत चांगला, तिथं बांगडे उलटायला वाकली आणि मागून काहीतरी किंचाळत तिच्या अंबाड्याला घासून गेलं. ती वाळूत बसली. उठली तेव्हा पुढून दुसरी आली. दोन पक्षी, पिवळे लांब पाय, डोळ्यांपुढे लाल चामडी, आणि तो आवाज, जसं कुणी तुमच्यावर चोरीचा आळ घेऊन गल्लीभर ओरडतंय.

मी कुंपणावर चादरी वाळत घालत होते. काकीनं काय केलं ते मी पाहिलं. तिनं बांगड्यांचं रिकामं घमेलं उचललं, उलटं करून डोक्यावर घेतलं आणि पुन्हा वाकली. टिटवी आली. टण्ण असा आवाज झाला. घमेल्याखालून काकी म्हणाली, "आणि मार. आणि मार. तुझ्या बापाशीची वाळू आसा ही?"

मी सुचवलं, अंडी उचलून पलीकडे ठेवूया. मला त्यात काही अवघड वाटत नव्हतं.

"तुका हलवूची आसत तर हलव," ती म्हणाली. "मी बघतंय हयसून."

मी कुंपणापलीकडे चार पावलं टाकली आणि परत आले. मी काही पक्षीप्रेमी नाही, पण माझे डोळे मला हवे आहेत.

वाडीतल्या बायका म्हणू लागल्या, टिटवी दाराशी ओरडणं वाईट, घरातलं माणूस जातं. काकीनं बांगडा उलटता उलटता सांगितलं, "ओरडांदे. माझ्या घरात जावक आता मीच उरलंय. आणि माका सध्या येळ नाय."

तिच्या लक्षात एक गोष्ट आली ती मग. टिटव्या तिच्यावर धावतात, तशा कावळ्यांवरही धावतात, कुत्र्यांवरही, भाटकारणीवरसुद्धा. घार खाली उतरायला लागली की दोघी खालून सुटायच्या आणि तिला खाडीपार हाकलून यायच्या. अंड्यांच्या आसपास टाकलेल्या मासळीतला एकही तुकडा हलत नव्हता. काकीनं दुसऱ्या दिवशी सगळी जाळी उचलली आणि नव्यानं मांडली. चांगले बांगडे अंड्यांभोवती गोल, त्याच्या बाहेर पेडव्यांची बारकी मासळी, सगळ्यांत बाहेर स्वस्त माल. अंड्यांपासून हातभर जागा मोकळी. कुठल्या साहेबानं आखलं नसतं इतकं नीट.

"पगार नाय, चाय नाय, सुट्टी नाय," ती मला म्हणाली. "असले राखणदार खंय मिळतले?"

हे प्रेम नव्हतं, हे आधी सांगून ठेवते. पुढे बऱ्याच लोकांनी त्याला प्रेम म्हटलं. काकीला फुकट राखण मिळाली होती, आणि फुकटची राखण टिकावी म्हणून ती काळजी घेत होती. रोज एकाच बाजूनं जायची, हळू चालायची, तेच निळं विटकं लुगडं नेसायची. काही दिवसांनी टिटव्यांनी तिच्यावर धावणं सोडलं. घमेलं खोपीच्या खुंटीवर गेलं. एकदा देवगडला दिलेल्या लेकीनं नवं पिवळं लुगडं पाठवलं, ते ती नेसून आली, तर दोन्ही पक्षी परक्यासारखे तिच्यावर तुटून पडले. ती तशीच घरी गेली आणि निळं नेसून परत आली. "नव्या लुगड्यात ओळखूक नाय मेल्यांनी," म्हणाली. पिवळं लुगडं तिनं पुन्हा नेसलं नाही.

मला मात्र त्यांनी कधी माफ केलं नाही. एका सकाळी मी अंगणातून पाहुण्यांकडे आंबोळ्यांचं ताट नेत होते. अंगण माझं, ताट माझं. टिटवी कुंपणावरून आली, मी दचकले, आंबोळ्या रांगोळीवर. तेव्हा मी काकीला हसताना पाहिलं. पंचवीस वर्षांत एकदाच. पदर तोंडात कोंबून, वाळूत फतकल मारून हसली. मला इतका राग आला की त्या दिवशी मी तिच्याकडून मासळी घेतली नाही. तिला पत्ताही लागला नाही.

दुपारी खोपीच्या सावलीत बसून ती पक्ष्यांकडे बघत असे. एक पक्षी उठायचा, खाडीच्या पाण्यात पोट बुडवून यायचा आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायचा. दुसरा दगडावर उभा. "बघ, आंग भिजवून येता," ती म्हणायची. "नायतर ह्या उन्हात अंडी शिजतली. आणि तो दादलो बघ. नुसतो उभो. आमच्या घरात होतो तसो." मला विचाराल तर दोन्ही पक्षी सारखेच दिसायचे आणि आळीपाळीनं बसायचे. पण तिला कुणीतरी दादला आळशी ठरवायचाच होता.

मग तो पाहुणा आला. वागायला सभ्य, मोठा कॅमेरा, सकाळी स्वतःचं ताट स्वतः उचलून ठेवणारा. त्यानं कुंपणावरून काकीचं चित्रीकरण केलं. त्याला घमेलं हवं होतं, म्हणून "आजी, एकदाच" करत मागे लागला. काकी त्याच्यावर ओरडली, तेही त्यानं घेतलं. माझ्या मुलीनं पहिल्या दिवशी मोबाइलवर काढलेलं तिच्याकडून मिळवलं, त्यात घमेल्यावरचा टण्ण होता. सगळं जोडून, खाली गमतीचं संगीत लावून त्यानं ते सोडलं. 'घमेलेवाली आजी विरुद्ध पक्षी.' वाडीतल्या प्रत्येक फोनवर ते आलं. काकीकडे साधा बटणांचा फोन होता. तिला कुणी दाखवलं नाही आणि तिनं बघितलं नाही.

बघणारे मात्र आले. पहिल्यांदा दोन-तीन, मग मोटारी भरून. त्यांना आजी आणि पक्षी बघायचे होते. मग नुसतं बघून भागेना. टिटवी आपल्यावर धावली पाहिजे आणि ते कुणीतरी टिपलं पाहिजे. वाडीतला एक जण खाडीत बोटीच्या फेऱ्यांचं बुकिंग करायचा. तो रिकामा असता तर परवडलं असतं. त्यानं रस्त्याच्या टोकाला फळी ठोकली, तिच्यावर रंगानं 'टिटवी पॉइंट' लिहिलं, आणि मोटारसायकलची जुनी हेल्मेटं भाड्यानं द्यायला सुरुवात केली.

मी अतिशयोक्ती करत नाही. हेल्मेट भाड्यानं मिळायचं. ते घालायचं, अंड्यांच्या दिशेनं धावायचं, टिटव्या सुटल्या की हात पसरून उभं राहायचं. जो जास्त वेळ उभा राहील तो जिंकला. दुसरा चित्रीकरण करणार, तिसरा हसणार. बांगड्यांवर बुटांचे ठसे. जाळी फाटलेली. आणि सबंध वेळ ते दोन पक्षी आकाशात, ओरडून ओरडून घसा फुटलेले, आणि खाली अंडी उन्हात उघडी.

काकी पहिल्या दिवशी काठी घेऊन धावली. त्यांनी ते टिपलं. दुसऱ्या दिवशी तिनं शिव्या दिल्या, त्याही टिपल्या. तिच्या लक्षात आलं की ती जे करेल ते त्यांच्या खेळातच जमा होतंय. मग एका दुपारी मी बाहेर आले. ऊन थोडं कललेलं होतं. ती वाळूत एका जागी थोडी वाकून उभी होती, पदर दोन्ही हातांनी बाजूला ताणलेला. मला कळायला वेळ लागला. ती स्वतःची सावली अंड्यांवर धरून उभी होती. हेल्मेटं तिच्याभोवती नाचत होती, टिटव्या वर ओरडत होत्या, आणि ती हलत नव्हती.

एक मुलगा, विशीतला असेल, चांगल्या घरातला दिसत होता, तिला म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा ना. फ्रेममध्ये येताय."

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी विसरले. लग्नात कोणी काय दिलं ते विसरले. हे वाक्य विसरले नाही. त्या मुलाच्या हेल्मेटवर मी चादर झटकायची काठी मारली. त्याला लागलं नाही. लागायला हवं होतं.

काकी मात्र त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उन्हात शिजतली रे ती. तुका कोणी उन्हात टाकून गेल्ला काय कधी?"

मी त्या बुकिंगवाल्याकडे गेले. म्हटलं, फळी काढ, हेल्मेटं गोळा कर. तो खुर्चीतून उठला नाही, पण आवाज मऊ ठेवला. "वयनी, तुमच्यो चारव खोल्यो भरल्यो त्यो कोणामुळे? ह्यो धंदो आसा. म्हातारीक म्हणा, तीय हेल्मेटां भाड्यान देवंदे."

खोल्या भरल्या होत्या, हे खरं होतं. मी परत आले.

उत्तर काकीला सुचलं. सकाळी मी उठले ती वासानं. सुक्या मासळीचा वास मला आता कळतही नाही, हा वेगळा होता. खारवायच्या पिंपाच्या तळाशी मुरलेलं जुनं मीठपाणी तिनं रस्त्याच्या टोकापासून उंचवट्यापर्यंत ओतलं होतं. फळीवर, भाड्याच्या खुर्चीवर, हेल्मेटांच्या आतसुद्धा. आणि आदल्या दिवशी मोरी कापली होती, मोरी म्हणजे आमच्याकडचा छोटा शार्क, तिची आतडी तिनं वाटेच्या दोन्ही कडांना ओळीनं मांडली होती. ऊन चढलं तसा तो वास उभा राहिला. पहिली मोटार आली, काच खाली झाली, काच वर झाली, मोटार गेली. दुपारपर्यंत वाळूवर एकही हेल्मेट नव्हतं. टिटवी पोट भिजवून आली आणि अंड्यांवर बसली.

माझ्या चारही खोल्या रिकाम्या झाल्या. एका कुटुंबानं न्याहारीही केली नाही.

मी कुंपणाशी गेले आणि जे तोंडात येईल ते बोलले. म्हटलं, काकी, तुमची ती दोन पाखरं आणि माझं घर, ह्यात काही फरक कळतो की नाही? आम्ही काय खायचं? तुमचे बांगडे?

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझे पाहुणे पुढच्या सुट्टीक परत येतले. ही अंडी एकदा शिजली की शिजली."

"अंड्यांचं एवढं काय पडलंय तुम्हाला? फुकटची राखण जाईल म्हणून?"

"व्हय," ती म्हणाली. "फुकटची राखण जायत म्हणान."

तिच्या तोंडावर काही दिसेना. मी फणकारून आत गेले.

दोन दिवस वाळूवर शांतता होती. तिसऱ्या सकाळी टिटव्यांचा आवाज वेगळा वाटला म्हणून मी बाहेर आले. काकी खळगीशी उभी होती. खळगीत कवचाचे तुकडे होते, काही ओले होते. भोवतीच्या वाळूत पावलं उमटलेली होती, खारफुटीकडून आलेली. वाटेच्या कडेची मोरीची आतडी बरीचशी संपलेली होती. तिथूनच ती पावलं अंड्यांकडे वळली होती.

"कोल्हो," ती म्हणाली.

कोल्हे खारफुटीत असतात, सगळ्यांना माहीत आहे. पण ते वाडीच्या इतक्या जवळ येत नाहीत. त्यांना यायला काही कारण लागतं. ती त्या आतड्यांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मीच बोलवलंय तेका."

नवीन कुणी हे केलं असतं तर समजलं असतं. तिचं सगळं आयुष्य मासळीची घाण खोल पुरण्यात गेलं होतं, कारण वरती टाकली की रात्री काय येतं ते तिला माहीत होतं. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांपुढे फक्त दिवसा येणारी माणसं होती. 'जाऊ दे काकी' वगैरे मला जमत नाही. मी घरातून फावडं आणलं आणि उरलेली आतडी पुरली.

त्या दिवशी तिनं कुणालाही शिवी दिली नाही. कावळे आले, बांगडे नेले, तिनं काठी उचलली नाही. बुकिंगवाला वासाची चौकशी करायला आला आणि हसत म्हणाला, "काय म्हातारे, तुझो पॉइंट बंद झालो?" तरी ती बांगडे उलटत राहिली. तोच घाबरून निघून गेला. टिटव्या त्या जागेवर आणखी काही दिवस फिरत राहिल्या. एक तर खाडीत पोट भिजवून आली आणि रिकाम्या खळगीशी उभी राहिली. पोट वाळेपर्यंत उभी होती. ते बघून मी आत गेले आणि डाळ निवडायला बसले.

उरलेला माल काकीनं मिळेल त्या भावानं दिला. कुणी बांगडा दाबून बघितला तरी चापट पडली नाही. पाऊस लागायच्या आधी लेक तिला देवगडला न्यायला आली. तिनं जाळी गुंडाळून खोपीत ठेवली, खोपीला दोरी बांधली, आणि ते घमेलं आमच्या कुंपणावर उपडं घातलं.

"ठेव तुका," म्हणाली. "थंय माका काय उपयोग? आंबे काय चोच मारूक येनत नाय."

मी म्हटलं, दिवाळीनंतर याल ना? ती म्हणाली, "बघूया." आमच्याकडे 'बघूया' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

ती गेली तशी जागा मोकळी झाली, आणि मोकळी जागा बघून वाडीला कल्पना सुचली. पाऊस सरल्यावर कडेची खोप तेवढी सोडून उंचवटा सपाट केला आणि त्यावर खडी पसरली. पार्किंग. बुकिंगवाल्याच्या हातात पावतीपुस्तक आलं. मला विचारलं असतं तर मी विरोध केला असता का? माझ्याही पाहुण्यांच्या गाड्या तिथंच लागणार होत्या. मला विचारलं नाही, त्यामुळे नुसतं चिडता आलं.

उन्हाळा आला. एका सकाळी त्या पार्किंगमधून एक पाहुणा डोकं धरून पळत आला.

मी जाऊन बघितलं. खडीच्या मधोमध, खड्यांच्याच रंगाची, चार अंडी. मूर्ख पक्षी. त्यांना दुसरी जागा मिळत नव्हती अशातला भाग नाही. पण खडी त्यांना आवडते, आणि आम्ही ती ब्रासनं आणून त्यांच्यासाठी पसरली होती. बुकिंगवाल्यानं त्यावर काय करायचं तेही ठरवलं होतं. खडी नीट दबली नव्हती, तर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी रोलर येणार होता.

मी देवगडला फोन लावला. लेकीनं काकीला दिला. मी बोलण्याऐवजी फोन कुंपणाबाहेर धरला. टिटव्या ओरडतच होत्या.

पलीकडून, "शिरा पडो तुमच्या तोंडार. परत थंयच?"

"रोलर येतलो, काकी."

"मगे तू काय करतंस? फोन धरून उभी रवतंस?"

मी कणकवलीची. माझ्या माहेरी काजू होते, भात होतं. मासळी आम्ही विकत आणायचो. तोवर मी आयुष्यात एक बांगडा सुकवला नव्हता. पण त्या दिवशी बंदरावर जाऊन बांगड्यांच्या दोन पाट्या आणल्या, चिरून खारवल्या, आणि दुसऱ्या सकाळी खोपीची दोरी सोडून काकीची जाळी बाहेर काढली. घमेलं डोक्यावर घेतलं. अंड्यांभोवती हातभर जागा सोडून गोल जाळी अंथरली आणि अर्धं पार्किंग बांगड्यांनी भरून टाकलं.

रोलरच्या दिवशी बुकिंगवाला आला. "वयनी, ही पार्किंगची जागा आसा."

"मगे गाडी लाव," मी म्हटलं. "ह्या बघ, मधी जागा आसा."

त्यानं एक पाऊल आत टाकलं. टिटवीनं त्याची टोपी नेली नाही एवढंच. तो हेल्मेट भाड्यानं देत होता तेव्हा स्वतः कधी आत आला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. रोलरवाला आधीच गाडीवरून उतरला होता. तो आतल्या गावचा, आगोटीसाठी आईनं सुकं आणायला सांगितलंय म्हणाला, आणि तयार झालं की ठेवा म्हणून मागणी नोंदवून रोलर घेऊन गेला.

संध्याकाळी देवगडहून फोन आला.

"मीठ किती घातलंस?"

मी सांगितलं.

"कमी झाला. किडे पडतले. परत घाल." मग, "पोटातली घाण खंय टाकलंस?"

"पुरलंय, काकी. खोल. खोपीच्या मागे."

ती म्हणाली, "बरा केलंस." आणि फोन कट केला.

ती अंडी फुटली. पिल्लं बाहेर आल्या दिवशीच चालायला लागली, आईबापामागून खडीवरून खारफुटीच्या कडेला गेली. बांगडे माझे बिघडले. निम्मे किड्यांनी खाल्ले, निम्मे इतके खारट की आम्ही घरी पावसाळाभर भिजत घालून खाल्ले. काकीला सांगितल्यावर ती म्हणाली, "कणकवलीकरणी, तू आपली आंबोळ्यो घाल." हे आमचं शेवटचं बोलणं. त्याच पावसात ती गेली. लेकीनं कळवलं तेव्हा देवगडचा रस्ता बंद होता, मला जाता आलं नाही. नंतर गेले तेव्हा खुंटीवर निळं लुगडं होतं. पिवळं तिच्यावर घातलं असणार. मी विचारलं नाही.

पार्किंगची फळी अजून आहे. उन्हाळ्यात तिथं गाड्या लागत नाहीत, मासळी सुकते. माझे पाहुणे नाक मुरडतात, त्यांना मी दुसरं घर दाखवते. माझा बांगडा अजून तिच्यासारखा होत नाही, तरी लोक घेतात, आणि घेण्याआधी बोटानं दाबून बघतात. त्यांच्या हातावर काय बसतं ते सांगायला नको.

आज सकाळीही मी घमेलं डोक्यावर घेऊन बांगडे उलटायला वाकले. त्याच बाजूनं गेले, हळू गेले, कालचीच साडी नेसले होते. टिटवी मागून आली. टण्ण.

मला अजून ओळखत नाहीत मेल्या.